भ्रूणावरचं संशोधन: चौदा दिवसांची मर्यादा पुढे सरकवायची का?

आडवाटसरू

दुसऱ्या एका धाग्यावर स्टेम सेलचा विषय निघाला आणि "जीव नेमका कधी सुरू होतो" इथे गाडी येऊन रुतली ती रुतलीच. त्या प्रश्नावर इथे कोणाचं मत बदलेल असं मला वाटत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे, म्हणून वेगळा धागा.

आधी पार्श्वभूमी, माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. बीजांड फलित झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा तयार होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. बाहेरच्या थरातून पुढे वार बनते, आतल्या पुंजक्यातून शरीर. तो पुंजका काढून वाढवला तर त्या पेशी वर्षानुवर्षं विभागत राहतात आणि त्यांच्यापासून हृदयाच्या, मेंदूच्या, स्वादुपिंडाच्या पेशी घडवता येतात. याच भ्रूणातल्या स्टेम सेल. उंदरांत हे १९८१ मध्ये जमलं. माणसात १९९८ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांना. त्यांनी वापरलेले भ्रूण आयव्हीएफसाठी (शरीराबाहेर बीजांड फलित करून मूल मिळवण्याच्या उपचारासाठी) तयार केलेले आणि जोडप्यांनी संमतीने दिलेले होते. पण पुंजका काढला की भ्रूण संपतो. सगळा वाद तिथून सुरू होतो.

आता चौदा दिवसांचं. १९७८ मध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईझ ब्राऊन, जन्माला आलं आणि प्रयोगशाळेतल्या भ्रूणाचं काय करायचं हा प्रश्न सरकारांच्या दारात आला. ब्रिटनने मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ चा तिचा अहवाल आणि त्यावरून झालेला १९९० चा कायदा यांनी ठरवलं की संशोधन करा, पण चौदाव्या दिवसापर्यंतच. कारण असं दिलं गेलं की साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणावर 'प्रिमिटिव्ह स्ट्रीक' नावाची रेघ उमटते. डोकं कुठे, पाय कुठे हे तिथून ठरू लागतं. तोवर एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात, नंतर सहसा नाही. म्हणजे 'एक व्यक्ती' म्हणावं असं काही त्या रेघेपासून सुरू होतं. पण वॉर्नॉकबाईंचा खरा भर दुसरीकडे होता: आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, पण मोजता येईल असा आकडा हवाच. दिवस मोजता येतात, 'संवेदना' मोजता येत नाही.

हा नियम पुढे बऱ्याच देशांनी उचलला. यातली गंमत अशी की तीसेक वर्षं तो पाळायला काहीच कष्ट पडत नव्हते. शरीराबाहेर भ्रूण आठवडा-दीड आठवड्यापलीकडे कोणाला जगवताच येत नव्हता! २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कचं रॉकफेलर विद्यापीठ इथल्या दोन गटांनी तो बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत वाढवला आणि नियम आड येतो म्हणून थांबवला. तेव्हापासून "मर्यादा जुनी झाली" हा सूर वाढला. २०२१ मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून चौदा दिवसांची सरसकट बंदी काढली. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने अठ्ठावीस दिवसांची शिफारस केली, पुढच्या वर्षी ब्रिटनच्या नियामक संस्थेनेही तेच सुचवलं.

माझं मत: आयव्हीएफनंतर उरलेल्या भ्रूणांवर संशोधन व्हावं. पण चौदाची मर्यादा हा जीवशास्त्राचा शोध नव्हता, तो करार होता. ज्यांना हे संशोधनच नको होतं त्यांना "एवढ्यावर थांबू" असं सांगून संमती मिळवली गेली. मोडणं शक्यच नव्हतं तोवर शब्द पाळला आणि मोडणं शक्य झालं तशी नव्याने बोलणी काढली, तर समोरच्याने काय समजायचं? मर्यादा कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. ती बदलायची तर संशोधकांच्या सभेत नाही, विरोधकांना समोर बसवून बदलावी.

शंकेखोर

वाचतोय. एक बाळबोध शंका: कातडीच्या पेशीपासून स्टेम सेल बनवण्याला २०१२ चं नोबेल मिळालं ना? मग भ्रूण हवेतच कशाला? मला वाटत होतं हा वाद निकालात निघाला.

पेशीपुराण

@शंकेखोर, शंका बाळबोध नाही, लॅबमध्ये येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी हेच विचारतो.

क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना भ्रूणपेशींसारखं बनवलं. या आयपीएस पेशी. त्याच सुमारास थॉमसन यांनीही माणसाच्या पेशींत स्वतंत्रपणे ते केलं, म्हणजे ज्या माणसाने वाद सुरू केला त्यानेच बाहेर पडायची वाटही दाखवली. पण त्या चारांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेलं जनुक आहे. शिवाय प्रत्येक आयपीएस पेशी आपल्या जुन्या जन्माच्या काही खुणा अंगावर घेऊन येऊ शकते. जपानमध्ये डोळ्याच्या विकारावर आयपीएस पेशी प्रथम वापरल्या गेल्या, तेव्हा दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले आणि रोपण थांबवावं लागलं. आता पद्धती खूप सुधारल्यात. तरी 'ही पेशी खरंच तशी झाली का' हे ताडून बघायला मूळ भ्रूणपेशी लागतातच.

उपचारांत दोन्ही वाटा चालू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने पार्किन्सनवरच्या दोन चाचण्या एकत्र छापल्या. क्योटोच्या चाचणीत सात रुग्णांना आयपीएसपासून बनवलेल्या पेशी दिल्या, अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत बारा जणांना भ्रूणपेशींपासून बनवलेल्या. मुख्य हेतू सुरक्षितता तपासणं हा होता आणि दोन्हींत पेशींमुळे गंभीर अपाय झालेला दिसला नाही. "बरे झाले" असं कोणी म्हणत नाहीये, हे ठळक अक्षरांत वाचा. स्टेम सेलच्या नावावर गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळं बरं करून देणारी दुकानं जगभर उघडली आहेत, त्यांचा या कामाशी काही संबंध नाही.

अजून एक. प्रत्येक प्रयोगासाठी नवा भ्रूण लागतो हा समज काढून टाका. एका भ्रूणातून पेशींचा वाण तयार झाला की तो अनेक प्रयोगशाळांत वाटला जातो. थॉमसन यांचे १९९८ चे वाण आजही वापरात आहेत.

निळीशाई

विरोधी बाजू मांडते. सुरुवातीलाच सांगते, मी नास्तिक आहे, त्यामुळे "धर्माच्या चष्म्यातून बघू नका" हा प्रतिसाद कृपया वाचवा.

मी जन्मले त्याच्या आदल्या दिवशी मीच होते. त्याच्या महिनाभर आधीही मीच. असं मागे मागे गेलं तर 'इथे मी नव्हते, दुसरंच काही होतं' असं म्हणायला ठाम जागा एकच सापडते, फलनाच्या आधीची. बाकीच्या सगळ्या जागा, चौदावा दिवस, हृदयाचा ठोका, मेंदूच्या लहरी, या आपल्या सोयीने निवडलेल्या आहेत. आकार, बुद्धी आणि परावलंबन यांवरून माणसाची किंमत ठरवायची नाही हे आपण जन्मलेल्यांबाबत मान्य केलंय. मग इथेच का ठरवायची?

जुळ्यांचा मुद्दा मला कधीच पटला नाही. प्लॅनेरिया हा चपटा किडा कापला तर दोन होतात, म्हणून कापण्याआधी तो एक नव्हता असं होत नाही.

"उरलेले भ्रूण नाहीतरी टाकूनच देणार" हे तर सगळ्यात कच्चं. फाशीच्या कैद्याचा मृत्यूही ठरलेला असतो. त्याच्या परवानगीशिवाय आदल्या रात्री मूत्रपिंड काढून घ्यावं का? कोणीतरी मरणार आहे यातून त्याला वापरायचा हक्क निघत नाही.

आणि यामानाकांचं नाव निघालंच आहे म्हणून: मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहिला तेव्हा या भ्रूणात आणि आपल्या मुलींत किती थोडा फरक आहे असं वाटलं, आणि दुसरा मार्ग असायलाच हवा असं मनात आलं, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. अस्वस्थ होणारे सगळे विज्ञानविरोधी नसतात.

तर्कटी

निळीशाई, मांडणी चोख. पण जुनाच प्रश्न विचारतो. प्रयोगशाळेला आग लागली आहे. एका बाजूला पाच वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला हजार गोठवलेल्या भ्रूणांची टाकी. एकच उचलता येईल. काय उचलाल?

दुसरं: निसर्गात फलित झालेल्या बीजांडांचा मोठा भाग गर्भाशयात रुजतच नाही, बाईला कळतही नाही. ही जर माणसं असतील तर जगातली सगळ्यात मोठी महामारी हीच, आणि तिच्यावर औषध शोधायला कोणी निधी मागत नाही. तुम्हीसुद्धा नाही.

तिसरं, भ्रूणात 'माणूस होण्याची क्षमता' असते म्हणून तो वेगळा, या नेहमीच्या युक्तिवादावर. २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी आयपीएस पेशींपासून अख्खे जिवंत उंदीर जन्माला घातले. वारेसाठी दुसऱ्या भ्रूणाचा आधार घेतला, पण उंदराचं शरीर त्या पेशींचं. म्हणजे योग्य मदत मिळाली तर कातडीच्या पेशीतही ती क्षमता आहे. खाजवताना आपण किती जणांना मारतो?

निळीशाई

मुलीला उचलेन. पण कोणाला वाचवेन यावरून कोणाला मारायची मुभा आहे हे ठरत नाही. माझी मुलगी आणि दहा अनोळखी माणसं असा प्रश्न टाकलात तरी मी मुलीलाच उचलेन, म्हणून ते दहा जण प्रयोगाला उपलब्ध होत नाहीत.

नैसर्गिक मृत्यूचंही तसंच. कधीकाळी निम्मी मुलं बालपणीच दगावत, तेवढ्याने बालहत्या चालून जात नव्हती.

तिसरा मुद्दा खरंच जड आहे. माझं उत्तर असं की भ्रूण स्वतःच्या आतल्या आराखड्याने वाढत असतो, कातडीच्या पेशीला आधी दुसरंच काहीतरी बनवावं लागतं. पण भ्रूणालाही गर्भाशय लागतंच असं तुम्ही म्हणाल, आणि तिथे माझा पाय जरा लटपटतो हे मान्य.

रिकामटेकडा_राजा

धाग्याचा आखाडा न होता एवढे प्रतिसाद! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

तर्कटी

मग आयव्हीएफलाही विरोध हवा. जास्तीचे भ्रूण तिथे तयार होतात, संशोधनात नाही. आयव्हीएफ चालतं आणि संशोधन चालत नाही हे मला दुटप्पी वाटतं.

निळीशाई

जर्मनीचा कायदा बघा. एका आवर्तनात जितके भ्रूण गर्भाशयात सोडायचे तितकीच बीजांडं फलित करायची, आणि सोडायचे ते जास्तीत जास्त तीन. उरलेल्यांचा डोंगर होऊ नये अशीच रचना. आयव्हीएफ आहे आणि सुसंगतीही आहे.

तर्कटी

जर्मनीचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं केलंत. त्याच जर्मनीने २००२ मध्ये कायदा केला की देशात भ्रूण नष्ट करायचा नाही, पण १ जानेवारी २००२ पूर्वी परदेशात तयार झालेले वाण आयात करून वापरता येतील. जुने वाण कमी पडू लागले तशी २००८ मध्ये तारीख सरकवून १ मे २००७ केली. पाप शेजाऱ्याने करायचं, प्रसाद आपण खायचा.

बुश यांनीही ऑगस्ट २००१ मध्ये तेच केलं: आजवर तयार झालेल्या वाणांना सरकारी पैसा, पुढच्यांना नाही. साठाहून जास्त वाण आहेत असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात हाती लागण्याजोगे वीसेक निघाले. ओबामांनी २००९ मध्ये ते निर्बंध उठवले. पण भ्रूण नष्ट करण्याच्या कामाला अमेरिकी केंद्राचा पैसा आजही मिळत नाही, त्यातून निघालेल्या पेशींवरच्या कामाला मिळतो. कायद्याची ही कसरत बघितली की वाटतं, भ्रूणाच्या दर्जावर कोणाचीच पूर्ण श्रद्धा नाही, ना त्या बाजूची, ना या.

गुळवेल

एरवी वाचनमात्र असते. इथे लिहावंसं वाटलं कारण ज्यांचे भ्रूण त्यांचा आवाज अजून आलेला नाही.

आमचे भ्रूण गोठवलेले आहेत. मूल झालं, दुसरं नको हे ठरलं, आणि मग तो फॉर्म समोर आला: ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, संशोधनाला द्यायचे की नष्ट करायचे. नवऱ्याने संशोधनावर लगेच खूण केली असती. मला जमेना. दुसऱ्या जोडप्याला दिले तर आपल्या मुलाचं भावंड कुठेतरी वाढतंय ही जाणीव आयुष्यभर. नष्ट करायचे तर ज्यांच्यासाठी एवढी इंजेक्शनं घेतली ते नुसते टाकून द्यायचे. संशोधनाला दिले तर निदान कशाला तरी उपयोग, पण 'उपयोग' हा शब्द त्यांच्याबाबतीत वापरताना जीभ अडखळते. तुमच्या आगीच्या प्रश्नातली टाकी माझ्यासाठी नुसती टाकी नाही, आणि तरीही मी त्यांना मुलं म्हणत नाही. या दोन्हींच्या मधल्या गोष्टीला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

फॉर्म अजून तसाच आहे. साठवणुकीचे पैसे भरतोय.

सांजवेळ

@गुळवेल, मनापासून लिहिलंयत.

इंजेक्शनांचा उल्लेख आलाय तर तोच धागा पुढे नेते. या वादात भ्रूणावर रकाने भरतात, पण बीजांड जिचं असतं ती बाई दिसेनाशी होते. एका पाळीत अनेक बीजांडं पिकवायला संप्रेरकांचा मारा करावा लागतो. काहींना त्यातून अंडाशयं सुजणं, पोटात पाणी होणं असा त्रास होतो, क्वचित तो जिवावर बेततो. आयव्हीएफमध्ये बाई हे स्वतःच्या मुलासाठी सोसते. संशोधनासाठी मुद्दाम बीजांडं घ्यायची तर ती कोणासाठी सोसणार?

दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचं प्रकरण विसरू नका. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल काढल्याचे २००४ आणि २००५ चे त्यांचे दोन्ही निबंध 'सायन्स'मध्ये आले, ते राष्ट्रीय हिरो झाले. मग कळलं की आकडे बनावट, निबंध २००६ मध्ये मागे घेतले गेले. सगळ्यांना बनवेगिरी आठवते. मला दुसरी गोष्ट आठवते: दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली, काहींना पैसे देऊन घेतलेली, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रिया होत्या. साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीच्या संमतीला किती वजन द्यायचं? एवढं सोसून हाती एकही खरा क्लोन-वाण आला नाही. ते काम खऱ्या अर्थाने जमलं २०१३ मध्ये, अमेरिकेत ऑरेगॉनला.

उरलेला भ्रूण वापरणं आणि प्रयोगासाठी भ्रूण घडवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझी हरकत नाही.

पोथीनिष्ठ

धर्म बाजूला ठेवा म्हणालात तरी थोडं अवांतर. धर्मांची उत्तरं एकसारखी नाहीत. व्हॅटिकनच्या मते फलनापासूनच भ्रूणाला व्यक्तीसारखं वागवायला हवं, आणि ते आयव्हीएफलाही विरोध करतात, म्हणजे तर्कटींचा दुटप्पीपणाचा आरोप तिथे लागू नाही. ज्यू परंपरेत पहिले चाळीस दिवस गर्भाला फार हलका दर्जा आहे, त्यामुळे तिथले बहुतेक धर्मपंडित या संशोधनाला अनुकूल. इस्लाममध्ये प्राण फुंकला जाण्याची वेळ कोणी एकशे वीस दिवस मानतं, कोणी चाळीस. चरक शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की गर्भ म्हणतो. काचेच्या बशीतल्या संयोगाला काय म्हणायचं ते त्याला विचारायची सोय नाही.

पेशीपुराण

मूळ प्रश्नाकडे येतो. अठ्ठावीसच का? तर चौदा ते अठ्ठावीस हा काळ आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. प्रयोगशाळेत मनाई, आणि बाईला गरोदर असल्याचं नुकतं कळत असतं म्हणून गर्भपातातून मिळणाऱ्या ऊती साधारण त्यानंतरच्या. शरीराचे तीन मूळ थर, मज्जारज्जूची नळी, हृदयाची सुरुवात हे सगळं त्या दोन आठवड्यांत. आपोआप होणारे कित्येक गर्भपात आणि हृदयातले, मणक्यातले जन्मजात दोष तिथे सुरू होतात. वेदना जाणवेल अशी मज्जासंस्थेची जोडणी अठ्ठावीसाव्या दिवशी नसते.

आडवाटसरू, कराराचा मुद्दा पटतो, पण करार करणाऱ्यांना जे माहीत नव्हतं ते आज माहीत आहे. शिवाय २०२१ पासून स्टेम सेलपासूनच भ्रूणासारखे गोळे बनू लागले आहेत. २०२३ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने चौदाव्या दिवसाच्या भ्रूणाशी बरंचसं मिळतं प्रारूप बनवलं, बीजांड नाही, शुक्राणू नाही. त्याचा पहिला दिवस कुठला धरायचा? वॉर्नॉकबाईंची दिवस मोजायची युक्ती तिथे चालतच नाही.

निळीशाई

हृदय साधारण बाविसाव्या दिवशी धडकायला लागतं, तेही लिहायचं होतं की. चंचुप्रवेश चौदाचा, मग मुसळ अठ्ठावीसचं. अठ्ठावीसला पोचलात की "तिसाव्या दिवसाची माहिती फार मोलाची आहे" हे वाक्य लिहायला कोणीतरी बसलेलं असेलच.

आडवाटसरू

@पेशीपुराण, प्रारूपांनी अडचण वाढवली आहे हे खरं. पण त्याने उलट माझाच मुद्दा पुढे जातो. दिवस मोजून भागत नसेल तर 'काय दिसलं की थांबायचं' हे नव्याने ठरवावं लागेल, आणि ते फक्त पेशीशास्त्रज्ञांनी ठरवायचं नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली प्राणी-मानव संकरित भ्रूणांचा प्रश्न आला तेव्हा तो संसदेत गेला, खासदारांना पक्षादेशाशिवाय मत द्यायची मोकळीक मिळाली, कडाडून भांडण झालं आणि परवानगी दिली गेली. हरलेल्यांना निदान आपलं ऐकून घेतल्याचं कळलं. संशोधकांच्या संस्थेने सूचनांतला परिच्छेद बदलणं म्हणजे ते नव्हे. "लोकांशी चर्चा करून" असं त्यात लिहिलंय, पण कुठल्या लोकांशी आणि ते नाही म्हणाले तर काय, हे मोघम आहे.

@निळीशाई, तिसाव्या दिवसाच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गुळवेल

एक विचारू का? समजा आज मी संशोधनाच्या चौकटीत खूण केली, भ्रूण दिले, आणि पुढे कायदा बदलून अठ्ठावीस दिवस झाले. तर माझी खूण कितीला लागू? फॉर्मवर दिवसांचा उल्लेखच नाही.

पेशीपुराण

माझ्या मते चौदालाच. जिने चौदा गृहीत धरून सही केली तिच्याकडून अठ्ठावीससाठी नव्याने, वेगळी संमती घ्यायला हवी. भ्रूण वापरला जाईपर्यंत संमती मागेही घेता येते, पण पेशींचा वाण तयार होऊन वाटला गेला की तो परत आणता येत नाही. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: किती दिवस वाढवणार, वाण तयार करणार का, आणि त्यापासून बनलेल्या गोष्टी विकल्या जाणार का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक हो असेल आणि त्यातलं तुम्हाला काही मिळणार नाही.

गुळवेल

तिसरं डोक्यातच आलं नव्हतं. विचारते आणि सांगते इथे.